तेल लावूनही मोटरसायकलची चेन पुन्हा पुन्हा वाजते, ढिली पडते: काय तपासायचं आणि बोटं सांभाळून काम कसं करायचं

तक्रार साधारण अशी असते. मोटरसायकलची चेन वाजायला लागली म्हणून तेलाचा स्प्रे मारला, दोन दिवस गाडी गप्प राहिली, तिसऱ्या दिवशी खरखर परत. किंवा चेन ढिली झाली म्हणून ताणून घेतली आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा लोंबायला लागली. मग आणखी तेल, आणखी ताण. जी चेन असं वारंवार तेल मागते, तिचं दुखणं बहुतेक वेळा वेगळंच असतं. तेल चुकीच्या जागी पडतंय, मळावर पडतंय, चेन गरजेपेक्षा जास्त ताणली आहे, मागचं चाक तिरकं बसलंय, किंवा चेन संपली आहे. यातलं नेमकं कोणतं ते कळेपर्यंत स्प्रेचा डबा बाजूलाच ठेवा.

बोटं शाबूत ठेवायची असतील तर

हे आधी सांगतो, कारण निदानासाठीही चेन फिरवून बघावीच लागते. गाडी मेन स्टँडवर लावायची, इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनवर फडकं किंवा ब्रश धरायचा, ही पद्धत सर्रास दिसते. वेळ वाचतो हे खरं. पण याच पद्धतीत माणसांची बोटं तुटतात. इंजिन नुसतं आयडलला असलं तरी छोट्या गाडीची चेन पहिल्या गिअरमध्ये सेकंदाला जवळजवळ हातभर सरकते. फडक्याचा एक धागा दातात अडकला की फडकं आणि त्यामागे बोट स्प्रॉकेटपर्यंत, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकापर्यंत, पोचायला क्षणाचाही अवधी लागत नाही, आणि इंजिन तिथे थांबत नाही. ‘मी जपून करतो’ हे इथे चालत नाही. माणसाची हात मागे घेण्याची गती त्यापुढे कमीच पडते.

तेव्हा इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली काढून खिशात. चाक फक्त हाताने फिरवायचं. हाताने फिरवतानाही बोट चेमटू शकतं, कारण चाकाचं वजन एकदा फिरायला लागलं की ते लगेच थांबत नाही. चेन जिथे स्प्रॉकेटच्या दातांवर चढते ती जागा धोक्याची. चाक पुढच्या दिशेने फिरत असेल तर खालच्या बाजूची चेन मागे सरकते आणि मागच्या स्प्रॉकेटवर खालून चढते. नेमके तिथेच आपण फडकं धरून बसलेलो असतो. म्हणून मागच्या स्प्रॉकेटजवळ खालच्या बाजूला काम करताना चाक उलटं फिरवा. मग चेन तिथे दातांवरून उतरत असते आणि हात आत ओढला जात नाही. तरी सवय अशी ठेवा की आधी चाक फिरवायचं, थांबवायचं, मग पुसायचं. एक हात चाकावर आणि दुसरा चेनवर एकाच वेळी नको.

अंगठी, घड्याळ, सैल बाह्या, लोंबती ओढणी हे सगळं आधी दूर करा. लांब केस बांधून घ्या. लहान मुलांना फिरतं चाक फार आवडतं, त्यांना लांब ठेवा. गाडी सपाट जमिनीवर हवी आणि पुढच्या चाकाला अडण हवी. मेन स्टँड नसेल आणि मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँडही नसेल, तर साइड स्टँडवर उभी करून, एका टप्प्याचं काम झालं की गाडी हातभर पुढे ढकलून पुढचा टप्पा घ्या. वेळखाऊ आहे, पण चालतं. एका हाताने गाडी साइड स्टँडवर तिरकी उचलून धरायची आणि दुसऱ्याने चाक फिरवायचं, ही कसरत मात्र करू नका. स्टँड घसरला की गाडी थेट पायावर येते.

प्रवास करून आल्याबरोबर सायलेन्सर तापलेला असतो. स्प्रेमधला वायू आणि द्रावक दोन्ही ज्वालाग्राही असतात, त्यामुळे तापलेल्या सायलेन्सरच्या दिशेने फवारा जाऊ देऊ नका. बंद खोलीत हे काम नको आणि आसपास विडी-सिगरेट नको. सफाईच्या रॉकेलचे हात धुताना कातडी सोलून निघण्यापेक्षा हातमोजे घातलेले बरे.

तेल नेमकं कुठे हवं असतं

चेनचा एक जोड बारकाईने पाहा. बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी पिन. ती पिन आतल्या पट्ट्यांमध्ये बसवलेल्या पोकळ बुशमधून जाते. बुशवर एक मोकळा रोलर, जो स्प्रॉकेटच्या दातावर टेकतो. हान्स रेनॉल्ड याने १८८० साली मँचेस्टरमध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही मूळ कल्पनेत तशीच आहे.

यात घासणाऱ्या जागा दोन. पिन आणि बुश यांच्यामध्ये, आणि बुश आणि रोलर यांच्यामध्ये. चेन स्प्रॉकेटवर वळताना प्रत्येक जोड पिनभोवती दुमडतो आणि सुटताना सरळ होतो. ताशी ६० किलोमीटरला, चाकाचा परीघ २ मीटरच्या आसपास धरला तर, चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात आणि चेनमध्ये ११० कड्या असतील तर अख्खी चेन सेकंदाला तीनदा गोल फिरते. म्हणजे त्या एकाच पिनला दर सेकंदाला कितीतरी वेळा दुमडावं लागतं, तेही ताणाखाली.

आता प्रश्न असा की बाहेरून मारलेलं तेल या जागांपर्यंत पोचतं का. साध्या चेनमध्ये पोचतं, पट्ट्यांच्या फटीतून झिरपत. सीलवाल्या चेनमध्ये, म्हणजे ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये, पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांमध्ये रबरी रिंग बसवून ते कोंडलेलं असतं. तिथे बाहेरचं तेल जातच नाही आणि जायची गरजही नसते. अशा चेनला तेल लावतो ते रिंग मऊ राहावी, रोलर आणि दात कोरडे घासू नयेत आणि पट्ट्यांना गंज लागू नये म्हणून.

आपली चेन कोणती हे ओळखायला आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधली फट बघा. काळ्या किंवा रंगीत रबराची कड दिसली तर सील आहे. यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे, कारण साध्या चेनचा कोरडेपणा तेलाने जातो आणि सीलवाल्या चेनची रिंग गेली असेल तर कितीही महाग स्प्रे मारा, आतलं ग्रीस परत येत नाही.

आवाज कसला आहे ते आधी ऐका

सलग, वेगाबरोबर वाढणारी घरघर किंवा किर्रकिर्र असेल तर तीन शक्यता: रोलर कोरडे आहेत, चेन जास्त ताणली आहे, किंवा चाक तिरकं आहे. तेल लावल्यावर आवाज पूर्ण बंद झाला आणि बरेच किलोमीटर बंदच राहिला तर कोरडेपणाच होता. तेलाने आवाज जेमतेम कमी झाला, तर उरलेल्या दोनांकडे वळा.

ठराविक अंतराने एकच ‘कट्’ येत असेल तर चाक हळूहळू हाताने फिरवून चेनच्या खालच्या बाजूकडे बघत राहा. एखादी कडी स्प्रॉकेटवरून उतरल्यावरही सरळ न होता वाकडीच राहते. ती अडकलेली कडी. तिच्या जोडाशी तांबूस भुकटी दिसली तर आत गंज आहे. साध्या चेनमध्ये ती रॉकेलने स्वच्छ करून, पातळ तेल मुरवून, हाताने चारी बाजूंना हलवून मोकळी होते. सीलवाल्या चेनमध्ये तांबूस भुकटी म्हणजे त्या जोडाची रिंग गेली. तो जोड आता रोज झिजत जाणार.

अॅक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा देताना ‘धप्’ असा झटका येत असेल, तर सगळे चेनला दोष देतात. आधी मागच्या हबमधली रबरं बघा. मागचं स्प्रॉकेट दोन्ही हातांनी धरून, चाक स्थिर ठेवून, मागेपुढे हलवा. स्प्रॉकेट सैलपणे खुळखुळत असेल तर हबची रबरं बसली आहेत. हे काम स्वस्तातलं आणि सोपं असतं, पण त्याच्या आधी लोक दोनतीनदा चेन ताणून बसलेले असतात, आणि त्या ताणाने वेगळंच नुकसान सुरू झालेलं असतं.

खडबडीत रस्त्यावर ‘फट्फट्’ असा आवाज येत असेल तर ढिली चेन मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मवर, म्हणजे गॅरेजात ज्याला चिमटा म्हणतात त्यावर, आपटते आहे. चिमट्याच्या पुढच्या टोकाला चेनखाली एक रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते. ती झिजून आरपार गेली असेल तर चेन सरळ धातू कापत असते. ही पट्टी बघायची कुणाला आठवण होत नाही.

आणि एक साधी शक्यता: चेनकव्हर वाकून चेनला लागतंय, किंवा पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणात मळाचा गोळा साचलाय. झाकणाचे दोनचार बोल्ट काढले की आत काळा, वाळूमिश्रित लगदा सापडतो. स्प्रे जितका जास्त, तितका हा लगदा मोठा. चेन रोज त्यातून ओढली जात असेल तर बाहेरून केलेली सफाई दोन दिवसांच्या वर टिकणार कशी? झाकण काढलंच आहे तर पुढचं स्प्रॉकेटही हलवून बघा. ते ढिलं असेल किंवा त्याची लॉकपट्टी सुटली असेल तर गाडी चालवू नका.

मळावर तेल म्हणजे पॉलिश पेपर

परत परत वाजणाऱ्या चेनचं सगळ्यात सामान्य कारण हेच. जुनं तेल धूळ पकडतं, त्यावर नवं तेल, त्यावर आणखी धूळ. शेवटी रोलरभोवती जो थर बसतो तो वंगण न राहता घासणारा लेप होतो. चेन काळीभोर आणि चकचकीत दिसते, म्हणून मालकाला वाटतं भरपूर तेल आहे.

सफाईला रॉकेल पुरतं. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ओ-रिंग चेनसाठीही तेच सांगितलेलं असतं. बाजारात चेन क्लीनर मिळतात. त्यांच्यावर ओ-रिंगला चालत असल्याचं लिहिलेलं पाहून घ्या. पेट्रोल मात्र नको. ते रबर खराब करतं आणि त्याची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. थिनरचंही तेच. तारेचा ब्रशही नको, त्याने रिंग फाटते. मऊ नायलॉनचा ब्रश किंवा जुना टूथब्रश हवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून चेनवर मारला तर पाणी रिंगच्या आत घुसतं आणि ग्रीस बाहेर पडतं. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना हे आवर्जून सांगावं.

चेनखाली पुठ्ठा किंवा ट्रे ठेवा. मागच्या टायरच्या आणि डिस्कच्या बाजूला दुसरा पुठ्ठा आडवा धरा किंवा अडकवून ठेवा. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेनच्या चारी बाजू घासा: वर, खाली, आत, बाहेर. रॉकेलमध्ये चेन भिजत ठेवायची नाही. घासून झालं की लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. फडकं करडं निघेपर्यंत पुसा. पांढरं निघण्याची वाट बघू नका, ते कधीच निघत नाही. वापरलेलं रॉकेल गटारात किंवा मातीत ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलमध्ये द्या. रॉकेलची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

चेन पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तेल लावायचं नाही. ओल असेल तर तेल तिच्यावर तरंगतं आणि पहिल्याच फेरीत उडून जातं.

तेल लावण्याची जागा आणि वेळ

फवारा बाहेरून, चेनच्या वरच्या अंगाला मारला तर निम्मं तेल उडून टायरवर जातं. खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगावर, म्हणजे दातांना टेकणाऱ्या बाजूवर मारा. चेन स्प्रॉकेटवरून वळताना तेल आतून बाहेर फेकलं जातं, तेव्हा ते रोलर आणि पट्ट्यांमधून जाऊनच बाहेर पडतं. आधी डावीकडच्या आतल्या-बाहेरच्या पट्ट्यांच्या फटीवर एक बारीक रेष, मग उजवीकडच्या फटीवर दुसरी, मग मधल्या रोलरवर हलका हात.

एका कडीवर खडूची खूण करा. वर धरलेल्या हिशोबाने, म्हणजे ४२ दात आणि ११० कड्या असताना, चेनचा एक पूर्ण वेढा व्हायला चाकाचे अडीचहून जास्त फेरे लागतात. एकच फेरा फिरवून थांबणाऱ्याची अर्ध्याहून जास्त चेन कोरडीच राहते. ‘कालच तेल लावलं तरी वाजते’ यामागे कित्येकदा एवढंच असतं.

चेन कोमट असताना, म्हणजे फेरी मारून आल्यावर थोड्या वेळाने, तेल चांगलं शिरतं. आणि लावल्यावर गाडी लगेच बाहेर काढू नका. स्प्रेमध्ये तेल पातळ करणारं द्रावक असतं. ते उडून गेल्यावरच तेल दाट होऊन चिकटून बसतं. किमान पंधरा-वीस मिनिटं, जमलं तर रात्रभर. म्हणून हे काम सकाळी निघायच्या गडबडीत करण्यापेक्षा संध्याकाळी घरी आल्यावर करावं. मग जास्तीचं तेल फडक्याने पुसून टाका. पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगावर दिसणारं तेल काहीच काम करत नाही, फक्त धूळ गोळा करतं.

कोणतं तेल, यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं. माझं मत सरळ आहे. कोरडा, धुळीचा रस्ता असेल तर मेणासारखा किंवा कोरडा थर देणारा स्प्रे बरा. तो कमी धूळ पकडतो, पण पावसात लवकर जातो. पावसाळ्यात जरा चिकट स्प्रे टिकतो. स्प्रे नसेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशने किंवा तेलाच्या कुपीने थेंब-थेंब लावलं तरी उत्तम चालतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ८० किंवा ९० नंबरचं गिअर ऑइलच सांगितलेलं आहे. ते थोडं उडतं, रिम घाण होते, बस. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल मात्र फुकट मिळतं म्हणून लावू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो. दाट ग्रीस वरून थापणंही निरुपयोगी. ते जोडात शिरत नाही आणि वाळू मात्र धरून ठेवतं. पाणी हटवणारे पातळ स्प्रे गंज सोडवायला ठीक आहेत, वंगण म्हणून ते टिकत नाहीत.

किती दिवसांनी? दिवसांवर जाऊ नका. साधारण ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान बहुतेक मॅन्युअल सांगतात, आणि भिजलेल्या किंवा चिखलातल्या फेरीनंतर किलोमीटर न मोजता. पावसातून आल्यावर नुसती चेन पुसून कोरडी करून ठेवली तरी सकाळचा तांबूस थर टळतो. पूर्ण झाकलेल्या चेनकव्हरच्या गाड्यांमध्ये चेन जास्त टिकते, पण डोळ्याआड असल्यामुळे तिची तपासणीही होत नाही. त्या कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून आत टॉर्च मारायची सवय लावा.

काम संपल्यावर टायरची बाजू, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आणि ब्रेकची डिस्क नीट बघा. टायरवर तेल दिसलं तर साबणाच्या पाण्याने धुवा, डिस्कवर उडालं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडवर तेल मुरलं असेल तर पॅड बदलावे लागतात. पहिले काही किलोमीटर सावकाश, वळणावर गाडी न झोपवता, आणि निघाल्यावर लगेच एकदोनदा मागचा ब्रेक दाबून बघा.

ताण: जास्त ताणलेली चेन ढिल्या चेनपेक्षा महागात पडते

ढिलाई मोजायची ती खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये. चेन बोटाने खाली ओढा, मग वर ढकला, पट्टीवर दोन्हींमधलं अंतर बघा. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान काहीतरी दिलेलं असतं, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो. मोजताना गाडी मेन स्टँडवर हवी की साइड स्टँडवर, हेही तिथे लिहिलेलं असतं. ते पाळा, कारण सस्पेन्शन किती दबलंय यावर ढिलाई बदलते.

का बदलते? चिमटा ज्या बिंदूभोवती वरखाली होतो तो बिंदू पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे असतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बिंदू आणि मागचा अॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. मागे माणूस बसला, खड्डा आला, की ही अवस्था येते. गाडी उभी असताना ‘मस्त टाइट’ केलेली चेन अशा वेळी तारेसारखी ताणली जाते आणि तो ताण पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर, तिथल्या ऑइल सीलवर आणि चाकाच्या बेअरिंगवर पडतो. पुढच्या स्प्रॉकेटमागून इंजिन ऑइल झिरपायला लागलं असेल तर आधी चेनचा ताण तपासा. दोन टोकांमध्ये निवड करायची वेळ आली तर मी किंचित ढिलीकडे झुकेन. अर्थात फार ढिलीही नको. ती स्प्रॉकेटवरून उतरली तर मागचं चाक जागच्या जागी लॉक होऊ शकतं किंवा चेन गोळा होऊन इंजिनाचं केसिंग फोडते.

एकाच जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत चारपाच ठिकाणी मोजा. झिजलेली चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे एके ठिकाणी ३५ आणि दुसरीकडे १५ असा फरक दिसू शकतो. ताण नेहमी सगळ्यात घट्ट जागेवर ठरवायचा. ढिल्या जागेवर ठरवला तर घट्ट जागा बेअरिंग खाणार. आणि फरक इतका मोठा असेल की घट्ट जागा बरोबर ठेवली तर ढिली जागा चिमट्यावर आपटते, तर अॅडजस्टमेंटने काही होणार नाही. ही चेन संपली. ‘आठवड्याला ढिली होते’ या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

ताणण्यासाठी अॅक्सलचा नट सैल करा (त्यात स्प्लिट पिन असेल तर आधी ती काढा आणि नंतर नवी घाला), मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर, म्हणजे अॅक्सल मागे सरकवणारे बोल्ट, सारखेच, एका वेळी पाव फेरा. अॅक्सल मिलिमीटरभर मागे सरकला तरी ढिलाई कित्येक मिलिमीटरने घटते, म्हणून इथे घाई महाग पडते. चिमट्यावरच्या खुणांवर मी पूर्ण भरवसा ठेवत नाही. त्या बऱ्याचदा किंचित चुकलेल्या असतात. चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजलं तर खरं काय ते कळतं. तिरक्या चाकाची खूण स्प्रॉकेटवर मिळते: दातांची एकच बाजू घासून चकाकत असते.

नट घट्ट करताना चेन पुन्हा थोडी ताणली जाते, म्हणून घट्ट केल्यावर परत मोजा. नट टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो. पॅडलचा मोकळेपणा कमी होतो, कधी ब्रेक घासत राहतो आणि ड्रम तापतो. चेन ताणल्यावर ब्रेकचं सेटिंग आणि मागचा ब्रेकलाइट हे दोन्ही बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

चेन ‘लांबते’ म्हणजे काय, आणि ती कधी सोडायची

पट्ट्यांचं पोलाद ताणून लांब होत नाही. प्रत्येक पिन आणि बुश थोडे झिजतात आणि त्या झिजेची बेरीज लांबी म्हणून दिसते. ४२८ नंबरच्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असतं, ५२०, ५२५ आणि ५३० मध्ये १५.८७५. (नंबरातला पहिला आकडा हे अंतर एक अष्टमांश इंचात सांगतो. चार म्हणजे अर्धा इंच, पाच म्हणजे पाच अष्टमांश.) जोडामागे दशांश मिलिमीटरच्या थोडी वर झीज झाली की ४२८ ची चेन एक टक्का लांब होते. एका जोडात ती डोळ्यांना दिसत नाही, पण ११० कड्यांत मिळून ती १४ मिलिमीटर भरते.

मोजण्यासाठी खालची बाजू ताणून धरा आणि एका पिनपासून एकविसाव्या पिनपर्यंत, म्हणजे २० कड्यांचं, अंतर मोजा. नव्या ४२८ ला ते २५४ मिलिमीटर असतं, ५२० ला ३१७.५. कुठे थांबायचं याची मर्यादा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी असते, साधारण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास. दोनतीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढा. ती दातावरून उचलली जाऊन दाताचा निम्म्याहून जास्त भाग उघडा पडला तर बदलायची वेळ झाली. दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले असतील तर स्प्रॉकेटही गेलं. पुढचं स्प्रॉकेट लहान असल्याने त्याचा एकेक दात जास्त वेळा घासतो आणि ते आधी संपतं, पण झाकणामागे असल्यामुळे दिसत नाही.

अॅडजस्टर शेवटपर्यंत पोचला की एक कडी कापून चेन आखूड करून देणारे असतात. त्याला नाही म्हणा. कडी काढल्याने उरलेल्या जोडांची झीज भरून येत नाही. कड्यांमधलं अंतर वाढलेलंच राहतं, ते स्प्रॉकेटच्या दातांशी जुळत नाही, आणि अशी चेन एक दिवस दात उडी मारून जाते किंवा तुटते. तसंच नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर टाकून पैसे वाचत नाहीत. जुने दात नवी चेन भरभर खातात. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.

नव्या चेनवर कारखान्यातून आलेला चिकट थर रॉकेलने धुऊन काढू नका, तो चांगला असतो. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं: लॉक वरच्या बाजूला असताना बंद टोक गाडीच्या पुढच्या अंगाला. उलटं बसवलं तर काहीतरी घासून क्लिप निघून जाते. रिव्हेटचं लॉक असेल तर ते योग्य अवजाराशिवाय हातोडीने ठोकायचं काम नाही. पहिल्या काही शे किलोमीटरांत नवी चेन थोडी बसते आणि ढिली वाटते. तेव्हा एकदा मोजून ताण लावा, अॅक्सलचा नट पुन्हा टॉर्कला घ्या आणि क्लिप जागेवर आहे ना ते टॉर्च मारून बघा.